चिंचेमागचा प्रवासी

महागावच्या रस्त्याला बंजाऱ्यांच्या तांड्याचा फाटा फुटतो तिथे एक जुनी चिंच आहे. सकाळी तिच्या पुढे सुखीबाई उभी राहायची आणि मागे तिचा नवरा देवीलाल. नवख्या माणसाला वाटायचं, नवराबायकोचं भांडण झालं असेल, तोंड बघायला तयार नाहीत एकमेकांचं. भांडण कसलं डोंबलाचं? दोघं मिळून एसटी धरत होते.

आता एसटी धरायला लपायचं कशाला, असं कोणी विचारलं तर त्यानं दोन्ही काखेत कुबड्या घेऊन एकदा त्या फाट्यावर उभं राहून बघावं. देवीलाल राठोडला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीसारखा राहिला. असा माणूस एकटा दिसला की ड्रायव्हर गाडी हळूसुद्धा करायचा नाही. खिडकीतून हात काढायचा आणि अंगठा मागे दाखवायचा. म्हणजे मागून दुसरी येऊन राहिली आहे, रिकामी आहे, तिच्यात या. मागची यायची तेव्हा तिचा ड्रायव्हरही तोच अंगठा दाखवायचा. सगळेच असे होते असं म्हणणं पाप होईल, थांबणारेही होते. पण ते कधीमधी. देवीलालनं आयुष्यात इतके अंगठे पाहिले होते की कोणत्या ड्रायव्हरचं नख काळं आहे आणि कोणाच्या अंगठ्याला अंगठी आहे, हे त्याला तोंडपाठ होतं.

मग सुखीबाईनं डोकं चालवलं. बाई माणूस दिसलं की गाडी थांबते. देवीलाल चिंचेमागे, सुखीबाई पुढे, हातात रिकामी पिशवी. गाडी थांबली की ही पायरीवर एक पाय ठेवायची, दांडी घट्ट धरायची आणि चढायचीच नाही. कंडक्टर ओरडायचा, "बाई, यायचं हाय का नाही?" ही म्हणायची, "मले नाही यायचं भाऊ, ह्याइले यायचं हाय." तेवढ्यात चिंचेमागून कुबड्यांची खटखट यायची. बाईचा पाय पायरीवर असताना गाडी हलवणार कोण? ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा. आतून कोणीतरी हमखास कुरकुरायचं, "चला ना मास्तर, उशीर होऊन राह्यला." देवीलाल आधी कुबड्या आत फेकायचा, मग दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढायचा. त्या पायऱ्या बनवणाऱ्यानं बहुतेक घोड्याचे पाय मोजून बनवल्या असाव्यात.

सुखीबाई ओळखीची झाली तसे ड्रायव्हर तिलाही अंगठा दाखवायला लागले. मग तिनं सोंगं सुरू केली. एक दिवस पदर तोंडावरून, एक दिवस डोक्यावर टोपलं, एक दिवस काखेत शेजारणीचं लेकरू. तांड्यातली पोरं तर विचारायची, "काकी, आज कोणतं पार्ट?" हसण्यावारी जायचं, पण तिच्या कामाचा रोज खोळंबा व्हायचा. नवऱ्याला गाडीत घातल्याशिवाय तिला कोणत्याच शेताची वाट धरता यायची नाही.

एवढा सगळा आटापिटा कशासाठी? तर महागावात मारोतरावांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानात खिडकीपाशी एक मशीन होतं. त्या मशीनवर देवीलाल बसायचा. शिवणं त्याच्या हातात आईकडून आलं. तांड्यातली बाकीची पोरं बकऱ्यांमागे जायची तेव्हा हा याडीजवळ, म्हणजे आईजवळ, बसून राहायचा, आणि याडी फेटियाच्या घागऱ्यावर आरसे टाचत असायची. एक दिवस तिनं सुई त्याच्या हातात दिली. पुढे महागावात तो ब्लाऊज शिवायला लागला आणि त्या मशीनवर बसला की त्याला कोणी लंगडा म्हणत नव्हतं. बाया म्हणायच्या, "देवीलालभाऊ, बाही जरा ढिली ठेवजा." त्याला ते 'भाऊ' फार आवडायचं. घरी तो आईचा लंगडा पोरगा होता, रस्त्यावर तर अंगठ्याच्या लायकीचा, आणि खिडकीपाशी मात्र देवीलालभाऊ.

स्वभाव मात्र भारी संशयी. कोणी चांगलं बोललं की त्याच्या कपाळाला आठी. कोणी हात दिला की हा आधी खिसा चाचपायचा. उगीच नव्हतं ते. तरुणपणी एका शिबिरात त्याला तीनचाकी सायकल मिळाली. हार घातला, सायकलवर बसवला, फोटो काढला, टाळ्या झाल्या. मग एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही आता पुढे चला, सायकल टेम्पोतून घरी पोचवतो. देवीलाल पुढे गेला. तो टेम्पो अजून यायचाच आहे. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला, की हसून काही देणारा माणूस दिसला तर आधी टेम्पो कुठे उभा आहे ते बघायचं.

तर या देवीलालला एका संध्याकाळी परतीच्या गाडीत नवी कंडक्टर भेटली. अर्पिता नाव, तरुण पोरगी, खाकी कपडे, तोंडावर हसू. महागावच्या स्टँडवरून गाडी सुटते म्हणून संध्याकाळी त्याला लपावं लागत नसे. तो अंग ओढत चढला ते तिनं पाहिलं. पास बघून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली.

"काका, सकाळी कोण्या गाडीनं येता?"

"भेटन त्या गाडीनं," देवीलाल म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"फाट्यावर चढता कसे पण? पायरी तर किती उंच हाय."

"चढतो कसातरी."

मनात म्हणाला, हिला कशाला पाहिजे? पोरगी काही हटेना. म्हणाली, "ऐका ना काका. सकाळच्या जलद गाडीले आता दारात खाली उतरणारी जादा पायरी बसवली, अन् धरायले खाली दांडी. सोमवारपासून मी त्याच गाडीवर हाव. ती तुमच्या फाट्यावर थांबत नाही, पण अपंग माणूस उभा दिसला तर थांबायचं, असं ठरलं हाय. डेपोवाले आता काही दिवस बघून राह्यले, कोणी येते का नाही ते. तुमी फक्त समोर उभे राहा. दिसले पाह्यजे."

देवीलालनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. जी गाडी कोणासाठी थांबत नाही, ती माझ्यासाठी थांबणार? आणि वर पायरी? आणि हसू? टेम्पो कुठे आहे, टेम्पो?

घरी आल्यावर त्यानं सुखीबाईला सगळा उलगडा करून सांगितला. "हे पकडायचं काम हाय. रोज एक बाई गाडी थांबवते अन् बसत नाही, हे वर गेलं असन. आता मले समोर उभं करतीन, तू मागं सापडशीन, अन् सरकारी गाडी फुकट थांबवली म्हून दोघाइले धरतीन. पासबी जाईन."

"ते पोट्टी कायले आपल्या मागं लागन?" सुखीबाई म्हणाली. "तिले काय भेटते त्याच्यात?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं. म्हूनच तं डाऊट येते."

सुखीबाईनं भाकर थापली.

पण अडचण निराळीच होती. कापूस फुटला होता, वेचणी लागली होती आणि सुखीबाईला आता पहाटेच शेतावर जावं लागणार होतं. म्हणजे चिंचेपुढे उभं राहायला कोणी नाही. इकडे तुळशीचं लग्न आटोपलं होतं, लग्नसराईच्या ब्लाऊजांचा दुकानात ढीग पडला होता आणि मारोतरावांनी आधीच कपाळाला आठ्या घातल्या होत्या. देवीलालनं पुतणी बबिताला गाठलं. कॉलेजला सुट्टी होती, ती तयार झाली. काम सोपं होतं. चिंचेपुढे उभं राहायचं, हात करायचा, गाडी थांबली की पायरीवर पाय ठेवायचा. बाकी खटखट काकाची. जलद गाडी टाइमावर पोचवणारी, म्हणून संशय असूनही देवीलालनं तिचाच नेम धरला.

सोमवारी जलद गाडी आली. नवीकोरी नव्हती, पण दाराशी खाली काहीतरी चमकत होतं. बबितानं हात केला. चिंचेमागून देवीलाल एक डोळा काढून बघत होता. गाडी किंचित हळू झाली, अर्पितानं मान बाहेर काढली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग ड्रायव्हरनं हात बाहेर काढला आणि अंगठा मागे दाखवला. गाडी गेली.

"पाह्यलं?" देवीलाल चिंचेमागून बाहेर आला तो जवळजवळ खूश होऊन. "म्या म्हणलं नव्हतं? म्हणे तुमच्यासाठी थांबन! अन् ते पोट्टी पाह्य कशी मान काढून मजा पाहून राह्यली."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गाडी यायची, हळू व्हायची, पोरगी मान काढायची, अंगठा. देवीलालचा संशय आता चांगला पोसला गेला, कापसाच्या बोंडासारखा टरारला. मागच्या साध्या गाडीनं तो जायचा, तीही मिळाली तर. दुकानात पोचेपर्यंत मारोतराव गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन बसलेले असायचे. माणूस वाईट नव्हता. इतकी वर्षं त्यांनी देवीलालला सांभाळून घेतलं होतं. पण लग्नाचं ब्लाऊज लग्नानंतर देऊन कसं चालेल?

त्या तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की मारोतराव मनातलं बोलतात हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

"देवीलाल, पुसदचा एक पोरगा येऊन गेला काल. हात चांगला हाय त्याचा. मी त्याले अजून हो म्हणलं नाही." त्यांनी चष्म्याची काच पुसली. "पण मशीन रिकामं ठेवून मले परवडत नाही बाप्पा. उद्या टाइमावर येजो. नाही आला तं मी त्याले बसवतो. मंग मले नावं ठेवू नोको."

देवीलालनं मान हलवली. खिडकीपाशी जाऊन बसला, पण दिवसभर टाका सरळ पडेना. पहिला विचार काय आला असेल? हेच, की मारोतराव आणि ती कंडक्टर पोरगी एकमेकांना सामील आहेत. माणसाच्या डोक्यात एकदा ही कीड शिरली की ती अख्खं शेत खाते. संध्याकाळपर्यंत त्या कटात पुसदचा पोरगासुद्धा आला, ज्याला यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि संध्याकाळी स्टँडवर तीच पोरगी समोर आली. ड्यूटी संपवून घरी निघाली होती. लांबून त्याला पाहून ती अक्षरशः धावत आली.

"काका! तुमी बिमार होते का? रोज शोधून राह्यली मी तुमाले फाट्यावर."

"बिमार कायले? मी रोज हजर असतो तिथं."

"कुठी? मले तं रोज एक पोट्टीच दिसते. धडधाकट. तिच्यासाठी जलद गाडी कशी थांबवू?" अर्पिताचा आवाज चढला. "ड्रायव्हर म्हणून राह्यले, या फाट्यावर अपंग कोणी राहतच नाही, तूच मनानं सांगून राह्यली. मी रोज त्याइच्याशी भांडते काका. उद्या दिसले तं दिसले. नाही तं परवापासून हा थांबा बंद."

झाडामागे होतो, असं सांगायचं देवीलालच्या तोंडावर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे सुखीबाईची सगळी सोंगं सांगायची. तो नुसत्या कुबड्या सावरत राहिला. तीही मग चिडून निघून गेली. त्या दिवशी तिच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बिनहसूची ती त्याला पहिल्यांदाच जरा भरवशाची वाटली.

सुखीबाई शेतातून आली तेव्हा तो दारात बसला होता. बोटांना बोंडांचे ओरखडे, पदराला कापूस चिकटलेला, अशीच ती खाली बसली आणि त्यानं सगळं सांगितलं. शेवटी पुन्हा म्हणालाच, "काय माहीत, खोटंबी बोलत असन."

"गाडी आली तवा तुमी कुठी होते?"

"चिंचेमागं. कुठी राहीन?"

"मंग तिनं तुमाले कसं पाहावं? भिंग लावून?"

देवीलाल एकदम उसळला, "अन् समोर उभं राह्यलो, अन् तरीबी आंगठा दाखवला तं?"

"तं काय? आंगठा तं तुमी रोजच पाहता."

"तो तुले दाखवते ते लोक! बबिताले दाखवते!"

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. सुखीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. चिंचेमागे उभं राहिलं की अंगठा आपल्याला नसतो. तो पुढच्याला असतो. गाडी गेली तर ती सुखीबाईला टाकून गेली, बबिताला टाकून गेली. देवीलालला तर कोणी पाहिलंच नव्हतं. आणि त्याच्या पायी ती बिचारी बाई इतकी वर्षं रस्त्यावर उभी राहून त्याच्या वाटचे अंगठे झेलत होती. देवीलालला लाज वाटली.

"म्या लई खाल्ले आंगठे," सुखीबाई म्हणाली. रागानं नाही, भाजी काय करू विचारावं तशी. "उद्या एक तुमी खाऊन पाहा. मले कापूस हाय."

सकाळी फाट्यावर तो एकटा गेला. बबिताला येऊ नको म्हणाला. चिंचेपाशी आल्यावर कुबड्या सवयीनं मागच्या बाजूला वळल्या, त्यानं त्यांना ओढून पुढे आणलं. डांबराच्या कडेला उभा राहिला. उघड्यावर कपडे काढून उभं राहिल्यासारखं त्याला वाटत होतं. एक मोटारसायकलवाला बघत गेला. कापूस घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर बघत गेला. दर वेळी वाटे, जावं मागे. अजून वेळ आहे, जावं.

जलद गाडी वळणावर दिसली. हात वर करायचा तर एक कुबडी सोडावी लागते. त्यानं सोडली. ती खाली पडली. हात वर केला. ड्रायव्हरच्या खिडकीवरून त्याची नजर हलेना. आता हात निघेल, आता अंगठा निघेल. खिडकीतून हात निघालासुद्धा! देवीलालनं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा गाडी समोर उभी होती. ड्रायव्हरनं हात काढला होता तो मागच्या ट्रकला थांब म्हणायला. दारातून ती जादा पायरी खाली आली, अर्पिता उतरली, तिनं पडलेली कुबडी उचलून दिली आणि आत ओरडली, "पाह्यलं भाऊ? हाय का नाही माणूस?"

देवीलाल लगेच चढला असेल तर शपथ. त्यानं आधी कुबडीनं पायरी ठोकून पाहिली. मग दांडी हलवून पाहिली. मग अर्पिताला विचारलं, "म्याडम, फोटो काढाचा हाय का कोणाले?"

"कायचा फोटो? चढा ना काका!"

तो चढला. कुबड्या आत न फेकता, हातात घेऊन चढला. दाराजवळच्या राखीव जागेवर एक गडी बसला होता, अर्पितानं त्याला उठवलं. गाडी सुटली. देवीलालनं सूर्याकडे पाहिलं. टाइमावर पोचत होता. मारोतरावांच्या दुकानाचं शटर वर जाता जाता तो दारात असणार होता. त्याला एकदम गाणं म्हणावंसं वाटलं, पण लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसला.

पुढे एक फाटा आला. तिथे एक म्हातारी हात करून उभी होती. जलद गाडी, धडधाकट बाई; ड्रायव्हरनं सवयीनं अंगठा काढला. अर्पितानंही नुसतं पाहून सोडून दिलं. देवीलालनं मात्र पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. म्हातारीच्या हातात पिशवी होती, आणि पिशवी रिकामी होती. आणि ती गाडीकडे बघतच नव्हती. ती बघत होती मागच्या बाभळीकडे.

ओरडावं की नाही, असं त्याला झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. पुसदचा पोरगा दुकानाच्या पायरीवर बसलेला त्याला दिसला. आपल्याला काय करायचं आहे, असंही मनात आलं.

"थांबवा!" तो ओरडला. "थांबवा गाडी! मागं माणूस हाय!"

"कोणी नाही तिथं," ड्रायव्हर म्हणाला.

"हाय! झाडामागं हाय! मले मालूम हाय नं बाप्पा!"

त्यानं कुबडी उचलून गाडीच्या पत्र्यावर अशी दणादण हाणली की ड्रायव्हरनं घाबरूनच ब्रेक मारला. गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. अर्पितानं मान बाहेर काढली. बाभळीमागून एक म्हातारा बाहेर आला. एका पायाला गुडघ्याखाली काहीच नव्हतं, हातात बांबूची काठी. तो गाडीकडे निघाला खरा, पण निम्म्या वाटेत थांबला आणि डोळे बारीक करून गाडीकडे, चमकत्या पायरीकडे, हसणाऱ्या अर्पिताकडे बघायला लागला.

"काहून थांबवली?" त्यानं लांबूनच विचारलं. "काय काम हाय?"

गाडीत मागून कोणीतरी कुरकुरलं, "चला ना म्याडम, उशीर होऊन राह्यला."

देवीलाल वळला. "मलेबी होऊन राह्यला," तो म्हणाला. "येऊ द्या त्याले. तो लवकर नाही यायचा. आधी पायरी ठोकून पाहीन."

दुकानात पोचला तेव्हा शटर वर होतं. मारोतराव चष्मा काढून गल्ल्यावर बसले होते. खिडकीपाशी देवीलालच्या स्टुलाजवळ एक नवा पोरगा हातात टेप घेऊन उभा होता, बसला मात्र नव्हता. मारोतरावांनी घड्याळाकडे पाहिलं, मग देवीलालकडे, मग त्याच्या मागे रस्त्यावर.

"आला? रोज गाडी थांबवते ते तुही बाई तं वेचणीले जाते म्हणत होता तू. मंग गाडी कोणं थांबवली?"

देवीलालनं कुबड्या भिंतीला टेकवल्या. नवा पोरगा बाजूला सरकला. देवीलाल आपल्या स्टुलावर बसला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"म्या," तो म्हणाला.

मारोतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ब्लाऊजांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.